अंदमानला कुत्री नेण्याआधी

भाऊ, जळगावच्या ४५ अंशांच्या उन्हात तगलेली कुत्री अंदमानच्या तिशीत सुखात राहतील, हा आपला हिशेब अर्धाच बरोबर आहे. कुत्र्याला घाम जवळजवळ येत नाही; धापा टाकताना जिभेवरचे पाणी उडते तेव्हाच त्याचे अंग निवते, आणि तिथल्या दमट हवेत ते पाणी नीट उडत नसल्याने त्याला पहाटे किंवा दिवस मावळल्यावरच फिरवावे. पावसाळा मे महिन्यापासून बराच लांबतो, तेवढ्या काळात बोटांच्या बेचक्या व कान रोज कोरड्या फडक्याने पुसून गोचीड चाचपून काढावी. डासांमुळे हृदयात जंत होतात, त्याचे प्रतिबंधक औषध प्रवासाला निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून सुरू करावे.

किनाऱ्यावर धावण्याची चैन खानदेशात मिळणार नाही, हे खरे. मात्र खारे पाणी पोटात गेल्यास उलट्या-जुलाब होतात, आणि खाडीत, कांदळवनात मगरी असल्याने तिथे साखळी सोडूच नये.

ही बेटे रेबीजमुक्त मानली जातात, तेव्हा लसीकरणाचा दाखला जवळ हवाच. चेन्नई किंवा कोलकात्याहून जहाजाला सुमारे तीन दिवस लागतात. म्हाताऱ्या कुत्र्यासाठी मी विमानच सुचवीन. दादरच्या, म्हणजे आपल्या खानदेशी ज्वारीच्या, भाकरीची सवय मात्र इथेच हळूहळू मोडून भातावर आणावी.