जुन्या टाटा १२१० ट्रकमध्ये कॉमन रेल इंजिन बसवायचे आहे. कोणते भाग घ्यावेत?

आधी हे सांगतो की मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ वाहनातील बदलांना लागू होते. त्यामुळे एकही भाग घेण्यापूर्वी आरटीओकडे लेखी विचारणा करावी.

इंजिन सुटे घेऊ नये. कॉमन रेल इंजिन, म्हणजे ज्यात एका सामाईक नळीतून सर्व इंजेक्टरना (इंधन फवारणाऱ्या भागांना) उच्च दाबाचे डिझेल मिळते ते इंजिन, ईसीयूच्या म्हणजे इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाच्या आज्ञेवर चालते, म्हणून ईसीयू, संपूर्ण वायरिंग, अ‍ॅक्सिलरेटर पेडल, सर्व सेन्सर आणि इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा) असल्यास त्याची किल्ली हे सारे एकाच गाडीतून घ्यावे. वेगवेगळ्या भंगारवाल्यांकडून जमवलेले संच पुष्कळदा एकमेकांना ओळखतच नाहीत आणि मग इंजिन सुरू होत नाही. या संचाचे आणि ट्रकचे व्होल्टेज जुळते का, हेही पाहावे.

माझ्या मते गिअरबॉक्सही त्याच इंजिनाचा घेणे उत्तम. जुनाच ठेवायचा असेल, तर बेल हाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारे आवरण), फ्लायव्हील (इंजिनाचे जड चाक), क्लच प्लेटचे दाते आणि पायलट बेअरिंग (गिअरबॉक्सच्या दांड्याचे टोक पेलणारे बेअरिंग) यांची मापे प्रत्यक्ष घ्यावीत, आणि तो गिअरबॉक्स नव्या इंजिनाचा वाढलेला टॉर्क (फिरवण्याचा जोर) सोसेल का, हे तपासावे. इंजिनाखालचा ऑइल चेंबर पुढच्या अ‍ॅक्सलला अडू नये.

आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४० अंशांपुढे जातो, त्यामुळे जुन्या रेडिएटरवर भागवू नये. इंजिनाच्या क्षमतेचा रेडिएटर, इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारा भाग) आणि पंख्याचे आच्छादन एकत्रच घ्यावे. इंजेक्टरमध्ये दाब १,६०० बारपर्यंत किंवा त्याहूनही अधिक असतो आणि बारीकशी घाणही त्यांना बाद करते, म्हणून टाकी आतून साफ करून पाणी वेगळे करणारा फिल्टर अवश्य बसवावा. ब्रेकचा कंप्रेसर किंवा व्हॅक्यूम पंप नव्या इंजिनावर बसतो ना, याची खात्री मात्र इंजिन घेण्यापूर्वीच करावी.