अ‍ॅप थेट मायएसक्यूएलला जोडलं तर काय बिघडतं?

तुमचा प्रश्न असा: अ‍ॅपमधून मायएसक्यूएल या डेटाबेसला थेट कनेक्शन मिळतंय, क्वेरी चालतेय, मग मध्ये एपीआय, म्हणजे अ‍ॅपच्या मागण्या घेऊन डेटाबेसशी बोलणारी सर्व्हरवरची सर्व्हिस, लिहिण्याचा खटाटोप कशाला? चालतंय हे खरं. तरीही कळकळीने सांगतो, असं करू नका.

अ‍ॅप लोकांच्या फोनवर गेलं की त्याच्या आत काय आहे ते कुणालाही बघता येतं. एपीके, म्हणजे अँड्रॉइड अ‍ॅपची फाइल, डिकंपाइल करून आतला कोड दाखवणारी साधनं फुकट मिळतात. डेटाबेसला जोडण्यासाठीच्या मजकुरातला, म्हणजे कनेक्शन स्ट्रिंगमधला, पासवर्ड तिथेच सापडतो. तो एन्क्रिप्ट करून ठेवलात तरी उलगडायची किल्लीही अ‍ॅपमध्येच असणार. शिवाय ‘ज्याला त्याला स्वतःच्याच ऑर्डर दिसाव्यात’ हा नियम तुम्ही क्वेरीतल्या ‘व्हेअर’ या अटीत लिहिलाय. पासवर्ड हाती लागलेला माणूस तुमची क्वेरी वापरेलच कशाला? तो स्वतःची लिहील.

मायएसक्यूएलची कनेक्शनची मर्यादाही मुळात १५१ असते. ती वाढवता येते, पण प्रत्येक फोन एकेक कनेक्शन अडवून बसला तर किती वाढवणार? मधली सर्व्हिस मोजक्या कनेक्शनचा पूल ठेवते आणि तेच आलटून पालटून सगळ्यांसाठी वापरते.

एपीआय असलं की अ‍ॅप फक्त ‘४२ नंबरची ऑर्डर द्या’ असं मागतं. नावावरून पत्ता शोधणाऱ्या डीएनएसकडून सर्व्हरचा पत्ता मिळतो, ४४३ पोर्टवर टीसीपी जोडणी होते, तिच्यावर टीएलएसचं एन्क्रिप्शन बसतं आणि मग एचटीटीपी रिक्वेस्ट जाते. एचटीटीपी मागचं काही लक्षात ठेवत नाही, म्हणून लॉगिननंतर मिळालेलं टोकन, म्हणजे ओळखीचा पुरावा, दर वेळी सोबत पाठवायचं. सर्व्हरने टोकन खरं आहे का ते बघायचं आणि ४२ नंबरची ऑर्डर याच माणसाची आहे का, तेही बघायचं. ही दुसरी तपासणी फार जण विसरतात. मग कुणीतरी ४२ च्या जागी ४३ टाकतो आणि परक्याचा पत्ता, फोन नंबर त्याच्यासमोर उघडा पडतो.

आता सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट. रिक्वेस्ट टाइमआउट झाली म्हणजे काम झालं नाही, असं धरून चालू नका. ऑर्डर सर्व्हरवर नोंदली गेली आणि फक्त उत्तर वाटेत हरवलं, असंही होतं. वापरणारा पुन्हा बटण दाबतो आणि दोन ऑर्डर पडतात. यावर उपाय सोपा आहे. ऑर्डर तयार होतानाच अ‍ॅपने एक यूयूआयडी, म्हणजे दुसऱ्या कशाशी जुळणार नाही असा आयडी, बनवायचा आणि त्याच ऑर्डरच्या प्रत्येक प्रयत्नात तोच पाठवायचा. टेबलमध्ये त्या कॉलमवर युनिक इंडेक्स ठेवा, म्हणजे एकच आयडी दोनदा नोंदला जाणार नाही. तोच आयडी पुन्हा आला तर नवी नोंद न करता आधीचंच उत्तर परत द्या. अ‍ॅप आपोआप पुन्हा प्रयत्न करत असेल, तर दर वेळी मधलं अंतर वाढवत न्या; नाहीतर आधीच दमलेल्या सर्व्हरवर सगळे फोन एकदम तुटून पडतात.

गूगलच्या फायरबेस या तयार सेवेत अ‍ॅप डेटाबेसशी थेट बोलतं, मग ते कसं चालतं, असं तुम्ही विचाराल. तिथे कुणी काय वाचायचं, काय लिहायचं याचे नियम सर्व्हरवर तपासले जातात. ते नियम सगळ्यांना मोकळे ठेवलेत तर तिथेही हीच गत.

जाता जाता: अँड्रॉइड एमुलेटरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या नकली फोनमध्ये, ‘लोकलहोस्ट’ म्हणजे तो एमुलेटरच. तुमच्या कॉम्प्युटरवरचा एपीआय गाठायला १०.०.२.२ हा पत्ता द्या.

आणि सध्याची एपीके टेस्टिंगसाठी कुणाला पाठवली असेल, तर एपीआय लिहायला बसण्याआधी डेटाबेसचा पासवर्ड बदला आणि मायएसक्यूएलचा ३३०६ पोर्ट बाहेरच्यांसाठी बंद करा. ती जुनी एपीके चालेनाशी होईल, होऊ द्या.