घटस्फोटित पत्नी मुलीला जर्मनीला नेते आहे, मी ना-हरकत पत्र द्यावं का?

तुमचा प्रश्न असा: परस्परसंमतीने घटस्फोट झालाय, आठ वर्षांच्या मुलीचा ताबा आईकडे आहे, आईला म्युनिकला नोकरी लागली आहे आणि ती तुमच्याकडे एनओसी मागते आहे. दिली तर मुलगी कायमची दुरावेल का?

द्या, पण नुसती एनओसी देऊ नका. मी पुण्यात कौटुंबिक न्यायालयात वकिली करते. निव्वळ 'नाही' म्हणून अडून बसलेल्या वडिलांच्या हाती शेवटी फारसं काही लागत नाही. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पुण्यातल्याच एका आईला, वडिलांचा विरोध असताना, मुलीला घेऊन पोलंडला नोकरीसाठी जाऊ दिलं. मात्र वडिलांच्या भेटींची सोयही त्याच आदेशात करून दिली. तुमचा सगळा जोर त्या सोयीवर हवा.

तुमची भीती मात्र अनाठायी नाही. मुलांना परस्पर परदेशी नेण्याबाबतच्या १९८० च्या हेग करारात भारत सामील नाही. त्यामुळे जर्मनी त्यात असूनही तुम्हाला त्याचा उपयोग नाही. शिवाय १८९० च्या पालक-पाल्य कायद्याप्रमाणे ताब्याचा अर्ज मूल जिथे एरवी राहतं तिथल्या न्यायालयात करायचा असतो. मुलगी म्युनिकला दोन-तीन वर्षं राहिली, तर पुण्यातला अर्ज पहिल्याच पायरीवर अडखळू शकतो.

म्हणून पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून समाधान मानू नका. ज्या न्यायालयाने घटस्फोट दिला तिथे दोघांनी मिळून अर्ज करा आणि नव्या अटींवर आदेश घ्या. ताब्याचे आदेश परिस्थितीनुसार बदलता येतात. तशाच आशयाचा आदेश जर्मनीतल्या न्यायालयाकडूनही घेता येईल का, हे तिथल्या वकिलाला विचारा. याला मिरर ऑर्डर म्हणतात. ती म्हणजे कवचकुंडलं नव्हेत, हेही सांगते. केनियातल्या एका वडिलांना सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये याच अटीवर ताबा दिला होता. पुढे फसवणूक उघड झाली आणि २०२१ मध्ये न्यायालयाला तो आदेश मागे घ्यावा लागला.

अटी लिहिताना लोक जुना मसुदा तसाच उतरवतात: 'दिवाळीची आणि मे महिन्याची निम्मी सुट्टी वडिलांकडे.' म्युनिकच्या शाळेला अख्खा मे महिना सुट्टी कुठली? तिथली मोठी सुट्टी उन्हाळ्यात सहा आठवड्यांची, आणि दिवाळी भर शाळेच्या दिवसांतही येऊ शकते. तेव्हा शाळेचं वेळापत्रक मागवा आणि त्या सहांपैकी किती आठवडे मुलगी पुण्यात असेल, तिकीट कोण काढेल, तिला सोबत कोण आणेल, हे सगळं लिहा. आजी-आजोबांकडे राहण्याचाही स्पष्ट उल्लेख करा. नाहीतर नंतर त्यावरूनच वाद होतात.

व्हिडिओ कॉलची वेळ जर्मनीच्या घड्याळाने ठरवा. उन्हाळ्यात आपल्यात आणि त्यांच्यात साडेतीन तासांचा फरक असतो, हिवाळ्यात साडेचार. तिचे संध्याकाळचे पाच म्हणजे तुमचे कधी साडेआठ, कधी साडेनऊ. वेगळ्या देशात राहणाऱ्या पालकाशी मुलाचं रोज थोडं बोलणं व्हावं, असं सर्वोच्च न्यायालयानेच २०२० मध्ये म्हटलंय, तेव्हा ही मागणी करायला कचरू नका. (आणि रोज 'अभ्यास झाला का?' एवढंच विचारू नका. पोरं दोन मिनिटांत फोन आईकडे देतात.)

घरचा पत्ता किंवा शाळा बदलली तर किती दिवसांत कळवायचं, हेही घाला. तसंच पासपोर्टचं. आठ वर्षांच्या मुलीचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो आणि नूतनीकरणाला पुन्हा तुमच्या संमतीचा प्रश्न येऊ शकतो. ती सही अडवून धरणार नाही असं तुम्ही आधीच लिहून दिलंत, तर उन्हाळ्याच्या आठवड्यांबद्दल समोरून हात जरा सैल सुटतो, असा माझा अनुभव आहे.