स्वतःच्याच लीगला कोर्टात खेचावं का?

प्रश्न: चेंडूतली हवा कमी केल्याच्या प्रकरणात 2015 मध्ये एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगमधल्या न्यू इंग्लंड पेट्रिअट्सला दहा लाख डॉलर दंड झाला, ड्राफ्टमधल्या (नवे खेळाडू निवडण्याच्या फेरीतल्या) दोन निवडीही गेल्या. मालक रॉबर्ट क्राफ्ट चिडले होते, तरी त्यांनी शिक्षा स्वीकारली. ही माघार नव्हे का?

माघार होतीच, पण भित्रेपणा नव्हे. एनएफएल म्हणजे बाहेरची कुणी संस्था नाही. 32 संघ मिळून लीग बनते आणि टीव्ही हक्कांचा पैसा वाटून घेते. लीगच्या प्रमुखाला, म्हणजे कमिशनरला, शिक्षेचा अधिकारही संघांनीच दिलेला. दुसऱ्या संघावर तो चालतो तेव्हा कुणी तक्रार करत नाही.

शिवाय शिस्तीच्या बाबतीत न्यायालयं सहसा हात घालत नाहीत. बेसबॉलमध्ये 1976 साली ओकलंड संघाचे मालक चार्ली फिनली यांनी तीन खेळाडू एकूण 35 लाख डॉलरला विकले. कमिशनर बोवी कून यांनी खेळाच्या हिताचं कारण देऊन ते सौदे रद्द केले. फिनली कोर्टात गेले आणि हरले. कमिशनरविरुद्ध कोर्टात जाणार नाही, असं मालकांनी आधीच मान्य केलं होतं, तेही अपिली न्यायालयाने 1978 मध्ये ग्राह्य धरलं. चेंडूच्याच प्रकरणात पेट्रिअट्सचा खेळाडू टॉम ब्रेडी याच्यासाठी खेळाडूंची संघटना लढली, पण चार सामन्यांची बंदी त्यालाही भोगावी लागली.

प्रश्न: मग रेडर्स संघाचे मालक अल डेव्हिस एनएफएलविरुद्ध कसे जिंकले?

त्यांचा वाद शिक्षेचा नव्हता, धंद्याचा होता. रेडर्स संघ ओकलंडहून लॉस एंजेलिसला न्यायला संघमालकांची तीन-चतुर्थांश मतं लागत होती. प्रतिस्पर्ध्यांनी एकत्र येऊन एकाची बाजारपेठ अडवणं स्पर्धा कायद्यात बसत नाही, हे 1982 मध्ये ज्युरीला पटलं.

प्रश्न: आयपीएलमध्ये कोची टस्कर्स बीसीसीआयविरुद्ध जिंकले म्हणतात. मग संघ कुठे आहे?

नेमकं हेच मला सगळ्यात जास्त खटकतं. बँक गॅरंटीवरून वाद झाला आणि एकच हंगाम खेळलेल्या कोचीचा करार बीसीसीआयने 2011 मध्ये रद्द केला. लवादाचा निवाडा 2015 मध्ये संघमालकांच्या बाजूने लागला. बीसीसीआयने त्याला आव्हान दिलं आणि मुंबई उच्च न्यायालयाने तो कायम केला जून 2025 मध्ये. रक्कम सुमारे 538 कोटी. निकाल चांगला, पण तोवर खेळाडू पांगले, प्रेक्षक दुसऱ्या संघांचे झाले. भरपाईतून पैसे मिळतात, लीगमधली जागा मिळत नाही.

याउलट राजस्थान रॉयल्स पाहा. ऑक्टोबर 2010 मध्ये त्यांचा करार रद्द झाला, ते ताबडतोब दाद मागायला गेले, अंतरिम दिलासा मिळाला आणि 2011 चा लिलाव आणि हंगाम दोन्ही हाती राहिले. अशा दाव्यात अंतिम निकालापेक्षा पहिली स्थगिती मोलाची असते, आणि ती मिळवायला हातात काहीच आठवडे असतात.

प्रश्न: तुमच्याकडे असा मालक आला तर काय सांगाल?

दंड, गुण कापणं किंवा ड्राफ्टमधली निवड जाणं यासाठी कोर्टाची पायरी चढू नका. आतल्या अपिलात लढा, बाकीच्या मालकांची मतं वळवा. संघाचं अस्तित्व किंवा बाजारपेठच जात असेल तर मात्र थांबू नका. त्याआधी करारातलं लवादाचं कलम आणि कोर्टात न जाण्याची अट वकिलाकडून नीट तपासून घ्या. हंगाम सुरू व्हायच्या आत स्थगितीचा अर्ज दाखल झाला पाहिजे.