बाबांनी चौथ्या दिवशी अ‍ॅप का काढून टाकलं?

प्रश्न: काका, मी फोंड्याला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट म्हणून आम्ही तिघींनी सिगारेट सोडायला मदत करणारं मोबाइल अ‍ॅप केलंय. पहिलं गिऱ्हाईक माझे बाबाच. ते फोंडा-पणजी मार्गावर खाजगी बस चालवतात आणि त्यांना दिवसाला एक पाकीट लागतं. अ‍ॅप उघडलं की सिगारेटशिवाय किती दिवस, किती तास झाले ते दिसतं, किती पैसे वाचले ते दिसतं आणि काळं फुप्फुस हळूहळू गुलाबी होत जातं. बाबांनी तीन दिवस वापरलं, चौथ्या दिवशी काढून टाकलं. 'हो म्हाका शिकयतलो?' (हा मला शिकवणार?) एवढंच म्हणाले. आई म्हणते, त्यांनी ओढली की तिच्या मोबाइलवर मेसेज जायला हवा. आमचं चुकलं कुठे? (एक वाचक, फोंडा)

उत्तर: बाय, आधी तूच एक सांग. चौथ्या दिवशी बाबांनी एखादी ओढली होती का? माझी पैज आहे, ओढली असणार. आणि त्यांनी ती इमानदारीने नोंदवली असेल तर तुमच्या अ‍ॅपने काय केलं? तीन दिवस आणि वर जे काही तास जमले होते, ते पुसून तिथे मोठ्ठं शून्य मांडलं.

मी हल्ली दुसऱ्यांच्या अ‍ॅपचे पडदे आखून देतो, कुठलं बटण कुठे असावं यावर लोकांशी भांडतो. पण त्याआधी मी बावीस वर्षं सिगारेट ओढलेली आहे, म्हणून हे दोन्ही बाजूंनी सांगतो. चौथ्यांदा सोडली ती २००७ मध्ये. तेव्हा अ‍ॅप कुठलं! स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचं कॅलेंडर आणि लाल पेन. रोज रात्री जेवण झालं की त्या दिवसाच्या चौकोनावर फुली. बावीस फुल्या झाल्या. तेविसाव्या दिवशी गावच्या जत्रेच्या नाटकाची तालीम होती. मी खलनायक. दुसऱ्या अंकानंतर चहा आला, मंडपामागे पेटीवाल्याने पाकीट पुढे केलं आणि मी अर्धी ओढून टाकून दिली. घरी आलो तो पेन घेऊन कॅलेंडरसमोर उभा. फुली मारायची की नाही? अर्ध्या सिगारेटला कसली खूण करतात? बराच वेळ उभा राहिलो, शेवटी चौकोन कोरा सोडून झोपलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिस्कच्या नाक्यावर आख्खं पाकीट घेतलं. एकदा डाग पडलाच आहे, आता काय, हा हिशेब.

अ‍ॅलन मार्लाट नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने हा हिशेब नीट मांडून ठेवलाय. पाय घसरणं वेगळं आणि परत पहिल्यासारखं ओढायला लागणं वेगळं. या दोन्हींच्या मधे माणूस स्वतःला काय सांगतो, त्यावर पुढचं ठरतं. 'माझ्याने होणारच नाही' असं सांगितलं की दुसरी सिगारेट लगेच पेटते. आता तुमच्या पडद्यावरचं शून्य बाबांना काय सांगतंय ते बघ.

म्हणून पहिली दुरुस्ती ही. 'आज ओढली' हे बटण मेनूच्या तळाशी लपवू नका, दर्शनी भागात ठेवा. दाबल्यावर उपदेश नको. फक्त तीन प्रश्न: कुठे होता, सोबत कोण होतं, त्याआधी काय झालं. आणि आकडा शून्यावर न्यायचा नाही. 'तेवीस दिवसांत बावीस' असं दाखवायचं. माझ्या कॅलेंडरला हे येत असतं तर मी २००७ मध्येच सुटलो असतो. प्रत्यक्षात पाचव्या खेपेला, २००९ मध्ये सुटलो.

घसरणं हा अपवाद नाही, हे आकड्यांतही दिसतं. २०११ मध्ये ब्रिटनमधला एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. सुमारे ५,८०० लोक होते. अर्ध्यांना सोडायला मदत करणारे साधे मेसेज पाठवले, अर्ध्यांना इतर विषयांवरचे. सहा महिन्यांनी तपासून पाहिलं तर पहिल्या गटात १०.७ टक्के सुटलेले होते, दुसऱ्यात ४.९ टक्के. चित्र नाही, रंग नाही, नुसत्या अक्षरांनी प्रमाण दुपटीच्या वर गेलं. पण त्याच आकड्याची दुसरी बाजू बघ. चांगल्या गटातसुद्धा शंभरातले जवळजवळ नव्वद सुटले नव्हते. तुमचं अ‍ॅप कोणासाठी आखायचं? मी तरी त्या नव्वदांसाठी आखेन.

२०२० मध्ये अमेरिकेत २,४१५ लोकांवर दोन अ‍ॅपची तुलना झाली. एक म्हणत होतं, तलफ आली की मन दुसरीकडे वळवा, टाळा. दुसरं म्हणत होतं, येऊ दे, तिच्याकडे बघा, ती आपोआप जाते. वर्षाने दुसऱ्या अ‍ॅपचे २८ टक्के लोक महिनाभर न ओढलेले निघाले, पहिल्याचे २१. मला यात नवल वाटलं नाही. तलफ बहुतेक वेळा काही मिनिटांत ओसरते. ती मिनिटं भयंकर असतात हेही खरं, विशेषतः पहिले दोन-तीन दिवस.

आता बाबांची मिनिटं कुठली? तू लिहिलं नाहीस, पण मी त्या मार्गावर बरीच वर्षं कदंबच्या सरकारी बसने आणि खाजगी बसने ये-जा केली आहे, त्यामुळे अंदाज आहे. स्टेअरिंगवर हात असताना तलफ दबून असते. बस पणजीच्या स्टँडवर लागते, कंडक्टर ओरडून प्रवासी भरतो, ड्रायव्हर उतरून मागच्या बाजूला गाड्यावर चहा सांगतो. पुढचा टायम येईस्तोवर ती दहा-बारा मिनिटं. मग फोंड्याला परत तेच. अ‍ॅपने बोलायचं ते तेव्हा, आणि तेव्हाच. बाणस्तारीच्या पुलावर मोबाइल वाजला तर उपकार नको, अपघात व्हायचा. म्हणून सुरुवातीला फेऱ्यांच्या वेळा भरून घ्या आणि मधल्या वेळात आवाज पूर्ण बंद.

भाषेचा घोळ तुम्ही केलाय का? पडद्यावर इंग्रजी असेल तर आधी बदला. आपल्याकडची गंमत अशी की बाबा पेपर मराठीत वाचतात आणि शिवी कोंकणीत देतात. तेव्हा लिहिलेलं सगळं मराठीत आणि ऐकायचं ते कोंकणीत, तुझ्या स्वतःच्या आवाजात. चहाच्या गाड्यावर उभं राहून कोण वाचत बसणार! कानाला लावलं आणि तू म्हणालीस, 'बाबा, मातशें राव, उदक पी' (जरा थांब, पाणी पी), की तेवढा वेळ निघतो. हे रेकॉर्डिंग मोबाइलमध्येच साठवा, नेटवर अवलंबून ठेवू नका. बाबांच्या मोबाइलमध्ये जागा किती शिल्लक आहे तेही पाहा, भजनांनी आणि सुप्रभातच्या चित्रांनी भरलेला असणार.

आईचा मेसेज: नाही. स्पष्ट नाही. मला आईंची काळजी समजते. पण ज्या दिवशी अ‍ॅप चहाडी करेल त्या दिवसापासून बाबा त्याच्याशी खोटं बोलतील, आणि खोट्या नोंदींवर चालणारं अ‍ॅप काय कामाचं? कोणाला कळवायचं ते त्यांनी स्वतः निवडलं तर गोष्ट वेगळी. कंडक्टरला निवडतील कदाचित. तोच तर गाड्यावर शेजारी उभा असतो.

काळं फुप्फुस काढून टाका. पाकिटाच्या ८५ टक्के भागावर २०१६ पासून तसलीच चित्रं आहेत आणि बाबा ती दिवसभर खिशात घेऊन फिरतात. त्याच पाकिटावर सोडण्यासाठी मदतीचा फुकट नंबर छापलेला असतो, १८००-११-२३५६. फुप्फुसाच्या जागी तो नंबर लावणारं एकच बटण द्या. पैशांचा आकडा राहू दे, माझी हरकत नाही, पण त्यावर कोणी सोडल्याचं मी पाहिलेलं नाही.

एक प्रश्न मात्र पहिल्याच पडद्यावर हवा: सकाळी उठल्यावर पहिली सिगारेट किती वेळाने? निकोटिनची पकड मोजण्यासाठी डॉक्टर हाच प्रश्न आधी विचारतात. अर्ध्या तासाच्या आत असेल, आणि रोज पाकीट लागणाऱ्याची बहुधा असतेच, तर नुसत्या अ‍ॅपवर भिस्त ठेवू नका, डॉक्टरांकडे पाठवा. निकोटिनचं गम ते सांगतील. ते साध्या च्युइंगमसारखं चघळत राहायचं नसतं, जरा चावून जिभेला चुरचुर झाली की गालाशी दाबून ठेवायचं, ती ओसरली की परत चावायचं. मी पहिल्या दिवशी सलग चघळलं आणि तालमीत खलनायकाला उचक्या लागल्या.

हे सगळं बदलायला तुम्हा तिघींना महिना तरी लागेल. पण त्याआधी एकदा सुट्टीच्या दिवशी सकाळी बाबांच्या बसमध्ये पुढच्या सीटवर बस आणि दोन फेऱ्या कर. मोबाइल पिशवीत ठेव, बाबांना काही विचारू नकोस, नुसतं बघ. आणि कंडक्टरकडून टायमांचा कागद मागून घे. रविवारच्या वेळा वेगळ्या असतात, त्याही लिहून घे.