2023 मध्ये बदललेली टाटा सफारी सहा माणसांच्या घराला कशी आहे? टेस्ट ड्राइव्हला काय बघावं?

तुम्ही प्रश्नात लिहिलंय की घरात सहाजण, त्यात आई-बाबा सत्तरीचे, आणि "ते मागच्या रांगेत बसतील, त्यांना कुठे रोज जायचंय". हे शेवटचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही म्हणून लिहायला बसलो. त्यांना मागच्या रांगेत बसवू नका. गाडी कुठलीही घ्या, पण हे करू नका.

2019 च्या गणपतीला आम्ही पुण्याहून गुहागरला निघालो, सातजण. तेव्हाची गाडी वेगळी होती, नाव घेत नाही, पण तीन रांगांची, नवी कोरी, आणि दाजींनी आग्रह करून घ्यायला लावलेली. चालवायला दाजी, शेजारी मी, मधे ताई, बायको आणि मुलगी, मागे भाचा आणि आई. आई स्वतःच म्हणाली, मी बसते मागे, माझं काय. आम्ही लगेच हो म्हणालो, हे मला आजही खुपतं. साताऱ्याजवळ नाश्त्याला थांबलो तर ती उतरलीच नाही, "कोण उतरणार आणि परत चढणार" म्हणाली. आम्हाला वाटलं भूक नसेल. नंतर बायकोला कळलं की तिने सकाळपासून पाणीच प्यायलं नव्हतं, मधेच उतरायला लागू नये म्हणून. उंब्रजला आत वळलो, पाटण गेलं, आणि कुंभार्ली घाटात तिला उलट्या सुरू झाल्या. मागच्या काचा उघडत नाहीत, समोर तीन माणसं, गाडी थांबवून मधली सीट दुमडेपर्यंत जे व्हायचं ते झालं. गुहागरला पोचल्यावर तिला उतरताच येईना. गुडघे आखडलेले, पाठमोरी होऊन सीटबेल्टचा पट्टा धरून खाली आली, आधी चप्पल रस्त्यावर पडली आणि मग पाय चाचपडत चप्पल शोधत होता. गौरीच्या साड्यांची पिशवी मात्र तिने सगळा वेळ मांडीवर धरून ठेवली होती, चुरगळू नयेत म्हणून.

संध्याकाळी दाजी म्हणाले, आईंना घाट लागतोच, गाडीचा काय दोष, आणि शेवटी गाडी चालवणाऱ्याच्या हिशोबाने घ्यायची असते. तिथून आमचा वाद सुरू आहे तो आजतागायत.

तर सफारी. मी 2024 मध्ये घेतली, डिझेल मॅन्युअल, सहा सीटची. बदल नुसता तोंडावरचा आहे का, तर नाही. पुढची मागची आडवी लायटीची पट्टी आणि मोठी स्क्रीन सगळ्यांना दिसते, पण खरा फरक स्टिअरिंगचा, आधी हायड्रॉलिक होतं, आता इलेक्ट्रिक आहे, मी दोन्ही चालवल्यात आणि पार्किंगमध्ये हाताला फरक लगेच कळतो. इंजिन तेच दोन लिटरचं, 170 पीएस ताकदीचं, भरल्या गाडीनिशी घाटात दम लागत नाही. सहा एअरबॅग खालच्या मॉडेलपासून, आणि ग्लोबल एनकॅपच्या अपघात चाचणीत पाच स्टार, मोठ्यांसाठी 34 पैकी 33.05, मुलांसाठी 49 पैकी 45. या एका गोष्टीवर मी घासाघीस करत नाही. वाईट काय, तर एसीची बटणं काढून टच पॅनल दिलंय, दोन टॉगल ठेवलेत तेवढेच, बाकीसाठी चालवताना खाली बघावं लागतं, हे चूकच आहे. ज्यांना नावामुळे 1998 ची सफारी आठवते त्यांनी हेही लक्षात घ्या की ती ट्रकसारख्या लॅडर फ्रेमवरची, म्हणजे वेगळ्या लोखंडी सांगाड्यावर बसवलेली, मागच्या चाकांवर चालणारी होती, ही पुढच्या चाकांवर चालते. दगडधोंड्यात न्यायची नाही, माणसं न्यायची गाडी आहे.

आता तिसरी रांग. टाटाचीच दोन रांगांची हॅरियर 4605 मिमी लांब, सफारी 4668, आणि व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, दोघींचा सारखाच, 2741. म्हणजे हॅरियरच्या डिकीत जेमतेम चार बोटं वाढवून तिथे माणसं बसवलीत. छप्पर उचललंय म्हणून डोकं लागत नाही, एसीची हवाही येते, पण पायाखालची जमीन उंच आहे त्यामुळे गुडघे वर येतात आणि मांड्या सीटला टेकत नाहीत, सगळा भार माकडहाडावर. शिवाय मागच्या चाकांच्या जवळ बसल्यामुळे प्रत्येक खड्डा सरळ कमरेत. हे सगळ्याच तीन रांगांच्या गाड्यांत कमीजास्त असतं, ब्रोशरमध्ये कोणी लिहीत नाही.

मी टेस्ट ड्राइव्हला आईला घेऊन गेलो होतो. सेल्सवाल्या मुलाने सुरुवात स्क्रीन आणि सनरूफपासून केली, मी म्हटलं आधी आई मागे बसेल. बसली, आणि विचारलं तर "बरी आहे की". ती नेहमी हेच म्हणते, म्हणून विचारून उपयोग नसतो, बघावं लागतं. गुडघे कमरेच्या वर होते आणि एका हाताने पुढची सीट धरली होती. मग मधल्या कॅप्टन सीटवर, म्हणजे सुट्या हातवाल्या सीटवर बसवलं, तर पाय सपाट टेकले, आर्मरेस्टवर हात ठेवला, आणि न विचारता बोलायला लागली, बाहेरची दुकानं दाखवायला लागली. माझ्यासाठी गाडी तिथेच ठरली. त्या दिवशी आम्हाला सरळ रस्त्यावरून दोन-तीन किलोमीटर फिरवून आणलं, खराब रस्त्यावर न्यायला नाही म्हणाले, तर दुसऱ्या दिवशी परत गेलो, मॅनेजरशी बोललो आणि खोदलेल्या रस्त्यावरून नेली. तुम्हीही हटून बसा, पैसे तुमचे जाणारेत.

तुम्ही सहाजण आहात तर कॅप्टन सीटवाली घ्या, मधे आई-बाबा, मागे मुलं. मधून वाट असल्यामुळे मुलं सीट न दुमडता मागे जातात. पण मग डिकीत हातातल्या दोन-तीन पिशव्याच बसतात, बॅगांना वर कॅरिअर लागेल. साइड स्टेप पहिल्या दिवशीच लावून घ्या, तिच्याशिवाय आईला चढता येत नव्हतं. आणि सोसायटीचं पार्किंग टेपने मोजा, गाडी 1922 मिमी रुंद आहे, आरसे वेगळे.

एक राहिलं, रोजचं येणंजाणं चार-पाच किलोमीटरचंच असेल तर डिझेल घेऊ नका, डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, चोंदतो, त्याला अधूनमधून हायवेची लांब धाव लागतेच. ऑटोमॅटिक मी एकदाच चालवलीय, त्यावर मत देत नाही. आणि माझी आई पाच फूटसुद्धा नाही, गुडघ्यांचा त्रास आहे, तुमच्या आई-बाबांची गोष्ट वेगळी असू शकेल, त्यांना प्रत्यक्ष बसवून उतरवून बघा, उतरताना जास्त कळतं.

मागच्या गणपतीला आई मधल्या सीटवरून कुंभार्ली उतरली. साताऱ्याला खाली उतरून मिसळ खाल्ली, चहा घेतला, पाणी प्यायली. दाजी तेव्हाही पुढेच बसले होते आणि उतरल्यावर म्हणाले, आईंना सवय झाली घाटाची. त्यांनी स्वतः एकदाही मागच्या रांगेत बसून घाट केलेला नाही. करावा, मग बोलू.