लॅटिन की रशियन? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत शिकवते. दहावीपर्यंत संपूर्ण संस्कृत होतं, विभक्ती अजून तोंडपाठ आहेत. रोज पाऊण तास काढून एक नवी भाषा नीट शिकायची आहे. रशियन कथा-कादंबऱ्या अनुवादांतून पुष्कळ वाचल्या, त्या मुळातून वाचाव्यात असं फार वाटतं. पण लॅटिन आली की युरोपातल्या सगळ्या भाषा सोप्या जातात, तेव्हा आधी लॅटिन कर, असं बरेच जण सांगतात. गावात दोन्हींपैकी कशाचाच वर्ग नाही. काय करू?
— एक वाचक, सांगली

उत्तर : रशियन घ्या. रशियन आल्यावर काय वाचायचं हे तुमच्या मनात पक्कं आहे, लॅटिन आल्यावर काय वाचायचं याबद्दल मात्र पत्रात एक शब्दही नाही. तीन-चार वर्षं चालणाऱ्या अभ्यासात माणूस टिकतो तो पुढे दिसणाऱ्या पुस्तकांच्या ओढीने. ‘पाया पक्का होईल’ एवढ्या कारणावर सुरू केलेली लॅटिन दुसऱ्या-तिसऱ्या क्रियापदगणाशी येऊन थांबते, हे फार वेळा होतं.

त्या पायाबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश, पोर्तुगीज या भाषा लॅटिनमधूनच निघाल्या, त्यामुळे त्यांचे शब्द लॅटिनवाल्याला ओळखीचे वाटतात हे खरं. पण फ्रेंच शिकायची असेल तर लॅटिनवर घालवायचे दोनशे तास थेट फ्रेंचवर घालवावेत, माणूस कितीतरी पुढे जातो. रशियनसाठी तर लॅटिनच्या शब्दसंग्रहाचा उपयोग जवळजवळ नाही. लॅटिनमुळे मिळणारी दुसरी गोष्ट म्हणजे शब्दाच्या शेवटाकडे बघून त्याचं वाक्यातलं काम ओळखण्याची सवय. ती तुम्हाला संस्कृतने आधीच दिली आहे.

मराठी माणसाला इथे मोठा फायदा आहे आणि इंग्रजीतून लिहिलेली पाठ्यपुस्तकं तो सांगत नाहीत. कर्ता पुढे आला काय आणि कर्म पुढे आलं काय, ‘मुलगी शेतकऱ्याला बघते’ आणि ‘शेतकऱ्याला मुलगी बघते’ यांत कोण कोणाला बघतंय हे आपल्याला ‘ला’मुळे कळतं. त्या पुस्तकांमध्ये एवढंच समजावायला पानंच्या पानं खर्च झालेली असतात, ती बिनधास्त उलटा. संस्कृतच्या आठ विभक्त्यांपैकी रशियनमध्ये प्रथमा, द्वितीया, तृतीया, चतुर्थी, षष्ठी आणि सप्तमी अशा सहा उरल्या आहेत. पंचमीचं काम षष्ठीने घेतलं आहे, आणि सप्तमी शब्दयोगी शब्दाशिवाय कधी येत नाही. लॅटिनमध्येही सहा आहेत, पण तिथे तृतीया, पंचमी आणि सप्तमी या तिघींची मिळून एक झाली आहे आणि संबोधन वेगळं आहे. वहीच्या पहिल्या पानावर हा तक्ता मराठी नावांनी मांडून ठेवा.

उच्चारांतही आपली बाजू भक्कम आहे. रशियन ‘त’ आणि ‘द’ आपल्यासारखेच दंत्य आहेत. ‘चमचा’तला च आणि ‘चिमणी’तला च हे आपण न शिकता वेगळे म्हणतो, रशियनमध्ये त्या दोघांना दोन स्वतंत्र अक्षरं आहेत. अडचण येते ती मृदू व्यंजनांची. ‘ब्रात’ म्हणजे भाऊ, आणि शेवटचा त जिभेचा मधला भाग टाळूकडे उचलून मृदू केला की होतं ‘घेणे’. हा फरक लिहून कळत नाही, ऐकूनच बसतो. म्हणून पहिल्या दिवसापासून पाऊण तासातली १५ मिनिटं कानासाठी ठेवा.

लिपीची भीती नको. अक्षरं ३३ आहेत, आठ-दहा दिवसांत येतात. घोटाळा करतात ती ओळखीच्या चेहऱ्याची अक्षरं. इंग्रजी ‘पी’सारखं दिसतं तो ‘र’, ‘एच’सारखं तो ‘न’, ‘बी’सारखं तो ‘व’, ‘सी’सारखं तो ‘स’. ही चार आधी घोटा. छापील अक्षरं येताच हाताने लिहायची लिपीही शिका, ती पुढे ढकलू नका. हस्ताक्षरातला छोटा ‘त’ इंग्रजी ‘एम’सारखा आणि ‘द’ ‘जी’सारखा दिसतो, त्यामुळे नुसतं छापील शिकलेल्याला साधी चिठ्ठीही वाचता येत नाही.

खरी चढण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात लागते. रशियनमधलं जवळजवळ प्रत्येक क्रियापद जोडीने येतं. ‘चितात्’ म्हणजे वाचत असणं, ‘प्रचितात्’ म्हणजे वाचून पुरं करणं. ‘काल मी पुस्तक वाचत होते’ आणि ‘काल मी पुस्तक वाचून काढलं’ हा फरक मराठीत आपण रोज करतो, तोच इथे दोन वेगळ्या क्रियापदांनी होतो. चूक होते ती एकेकटं क्रियापद पाठ केल्याने. वहीत जोडीच लिहा, आणि प्रत्येक जोडीपुढे मराठीतला ‘-त होते’ आणि ‘-ून टाकलं’ किंवा ‘-ून काढलं’ असा नमुना ठेवा. पुरं करणाऱ्या क्रियापदाला वर्तमानकाळ नसतो. त्याची वर्तमानासारखी दिसणारी रूपं भविष्यकाळ सांगतात. ‘प्रचितायु’ म्हणजे ‘वाचून काढीन’. हे लक्षात न घेतल्याने सुरुवातीच्या निबंधांत सगळ्यात जास्त चुका होतात.

‘जाणे’ या एका क्रियापदाची तिथे चार होतात. पायी की वाहनाने, आणि आत्ता एका दिशेने की नेहमी ये-जा, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर ती ठरतात. आकड्यांचंही तसंच. ‘अदीन स्तोल’ म्हणजे एक टेबल, पण दोन, तीन, चारनंतर षष्ठीचं एकवचन येतं, ‘द्वा स्तला’. पाचपासून वीसपर्यंत षष्ठीचं अनेकवचन, ‘प्यात् स्तलोफ’. एकवीस टेबलं म्हणताना पुन्हा एकवचन. नियम पाठ करून हे बसत नाही. रोज घरातल्या वस्तू मोजा.

सगळ्यात जास्त त्रास देतो आघात, म्हणजे शब्दातल्या एका अक्षरावर द्यायचा जोर. तो शब्दात कुठेही पडतो आणि साध्या पुस्तकांत छापलेला नसतो. ‘ज़ामक’ म्हणजे गढी, ‘ज़मोक’ म्हणजे कुलूप, आणि लिहायला दोन्ही अगदी एकसारखे. आघात नसलेला ‘ओ’ ‘अ’कडे झुकतो, म्हणून दुधाला तीन ‘ओ’ घालून लिहितात आणि ‘मलाको’ म्हणतात. नवा शब्द आघाताच्या खुणेशिवाय वहीत उतरवूच नका, नंतर तो दुरुस्त करणं फार जड जातं.

वेळेचा हिशेब असा. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था इंग्रजी मातृभाषकांना कामापुरती रशियन येण्यासाठी सुमारे १,१०० तास धरते. तुमचा पाऊण तास आठवड्यातून सहा दिवस धरला तर वर्षाला साधारण २३० तास होतात, म्हणजे जवळजवळ पाच वर्षं. पण तो अंदाज बोलण्यासकट कामकाज करण्याचा आहे. वाचन त्याच्या बरंच आधी येतं. परदेशी विद्यार्थ्यांच्या रशियन सरकारी परीक्षेत प्राथमिक पातळीला ७८० शब्द, त्यावरच्या पातळीला १,३००, आणि त्यानंतरच्या ‘पहिल्या’ पातळीला २,३०० शब्द अपेक्षित असतात. १,३००च्या आसपास आलात की तोलस्तोयने शेतकऱ्यांच्या मुलांसाठी १८७२ साली काढलेल्या ‘आज़्बुका’तल्या छोट्या गोष्टी वाचा. २,३००नंतर शब्दकोश हाताशी धरून चेखवच्या दोन-तीन पानी कथा जमतात. मोठ्या कादंबऱ्यांची घाई करू नका.

वर्ग गावात नसला तरी चालेल, पण ऐकणारं आणि चूक सांगणारं कुणीतरी हवंच. आठवड्यातून एकदा ऑनलाइन शिकवणी लावा. मुंबई विद्यापीठात रशियनचा स्वतंत्र विभाग आहे, पुणे विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात रशियन शिकवतात, आणि मुंबईत पेडर रोडला रशियन हाउस हे रशियाचं सांस्कृतिक केंद्र आहे. चौकशीला सुरुवात तिथून करा.

हेच पत्र रोमन इतिहासाची, मध्ययुगीन चर्चच्या कागदपत्रांची किंवा जुन्या विज्ञानग्रंथांची ओढ असलेल्या कुणी लिहिलं असतं, तर आम्ही तितक्याच ठामपणे लॅटिन सांगितली असती. एकट्याने, घरी, पुस्तकावरून शिकायला लॅटिनच जास्त सोयीची. तिथे बोलणाऱ्याच्या वेगाशी जुळवून घ्यायचं नसतं. सगळी भाषा पहिल्या पानापासून लॅटिनमधूनच शिकवणारं अर्बर्गचं ‘फामिलिया रोमाना’ ३५ प्रकरणांचं आहे, दहा दिवसांना एक प्रकरण धरलं तर वर्षभरात संपतं. जपायचं ते स्वरांची लांबी. ऱ्हस्व इकाराचा ‘लिबेर’ म्हणजे पुस्तक, दीर्घ इकाराचा ‘लीबेर’ म्हणजे स्वतंत्र. आपल्या लिपीत हा भेद सहज दाखवता येतो, तर दाखवावा. आणि आधी क्रियापद शोधून मग इकडेतिकडे उड्या मारत अर्थ लावायची सवय लावून घेऊ नये. वाक्य डावीकडून उजवीकडे, जसं येईल तसं समजून घ्यायचं.

प्रश्न : मुलगा एमबीबीएससाठी रशियाला जातोय. डॉक्टरकीत लॅटिन लागते म्हणतात. जायला पाच महिने आहेत. आधी लॅटिन करावी का?
— एक पालक, नागपूर

उत्तर : पाचही महिने रशियनला द्या. रशियन वैद्यकीय विद्यापीठांत पहिल्या वर्षी लॅटिनचा विषय असतोच, आणि तो मर्यादित असतो. प्रामुख्याने प्रथमा, षष्ठी आणि विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणे बदलणं. दंडाच्या स्नायूच्या ‘बायसेप्स ब्राकिआय’ या नावातलं दुसरं पद म्हणजे ‘बाहूचा’, षष्ठी. तिथली प्रिस्क्रिप्शन लॅटिनमध्ये लिहितात आणि औषधाचं नाव षष्ठीत घालतात, ‘ग्लुकोझुम’चं ‘ग्लुकोझी’ होतं. एवढं तिथे गेल्यावर जमेल.

राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या २०२१च्या नियमांप्रमाणे परदेशातलं शिक्षण किमान ५४ महिन्यांचं आणि इंग्रजी माध्यमातून हवं, शिवाय १२ महिन्यांची इंटर्नशिप तिथेच. यामुळे अनेक पालकांना वाटतं की रशियनची गरज नाही. पण वॉर्डातला रुग्ण इंग्रजी बोलत नाही. ‘श्तो उ वास बालीत?’ म्हणजे ‘काय दुखतंय?’ हे विचारता येणं सोपं, त्याचं उत्तर समजणं अवघड. म्हणून पहिल्या महिन्यात लिपी आणि हस्ताक्षर, पुढच्या दोन महिन्यांत शरीराचे अवयव, आकडे, तारखा, वेळ, आणि उरलेल्या दोन महिन्यांत रोज अर्धा तास नुसतं संवाद ऐकणं. आकड्यांकडे विशेष लक्ष द्या. ‘किती दिवसांपासून’ आणि ‘दिवसातून किती वेळा’ यांत चूक झाली तर ती रुग्णाला महागात पडते.

प्रश्न : निवृत्तीनंतर कोकण-गोव्यातल्या वनस्पतींची नोंदवही करतो आहे. मलबारच्या वनस्पतींवरचा ‘हॉर्टस मलबारिकस’ हा जुना लॅटिन ग्रंथही वाचायचा आहे. त्यासाठी लॅटिन शिकावी लागेल का?
— एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : नुसत्या नावांसाठी दीड-दोन महिने पुरतील. नामाचं लिंग आणि विशेषणाची जुळणी एवढंच कळायला हवं. ‘फिकस’ हा शब्द पुल्लिंगी दिसतो, तरी पिंपळ ‘फिकस रिलिजिओसा’ आणि उंबर ‘फिकस रॅसिमोसा’, कारण लॅटिनमध्ये झाडांची नावं बहुधा स्त्रीलिंगी असतात. हा एक नियम माहीत असला की नोंदवहीतल्या निम्म्या शंका मिटतात.

नव्या वनस्पतीचं वर्णन लॅटिनमध्येच हवं ही अट १ जानेवारी २०१२ पासून राहिली नाही, इंग्रजीही चालतं. त्याआधीची वर्णनं वाचायची असतील तर आणखी चार-पाच महिने द्या. ती बहुतेक ‘अशा पानांचं, अशा फुलांचं’ या धाटणीची असतात, त्यामुळे प्रथमा आणि तृतीया, पंचमी, सप्तमी या तिघींची मिळून झालेली विभक्ती पक्की केली की बरंचसं उलगडतं. क्रियापदं त्यांत फारशी येतच नाहीत.

‘हॉर्टस मलबारिकस’चे १२ खंड १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅमला छापले गेले. त्यांची लॅटिन याहून लांबलचक आणि गद्यमय आहे, तिला दोन वर्षं लागतील. तोवर के. एस. मणिलाल यांचा इंग्रजी अनुवाद वापरा, केरळ विद्यापीठाने तो २००३ पासून प्रकाशित केला. पहिल्या खंडातलं रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तीन कोकणी वैद्यांचं प्रमाणपत्र मात्र आवर्जून मुळातून बघा. ते कोकणीत आणि नागरी लिपीत आहे.

प्रश्न : दोन्ही भाषा एकदमच सुरू केल्या तर?
— एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : पहिल्या वर्षी नको. लॅटिनमध्ये ‘-आ’ हा शेवट स्त्रीलिंगी एकवचनाचा, तसाच नपुंसकलिंगी अनेकवचनाचाही. रशियनमध्ये तोच पुल्लिंगी षष्ठीचाही असतो. दोन्ही कच्चे असताना तक्ते एकमेकांत मिसळतात आणि मग दोन्ही पहिल्यापासून घोटावे लागतात. एका भाषेत शब्दकोशाशिवाय साधं पान वाचता येऊ लागलं की दुसरी उघडा.